तू ‘देव पावला’ म्हणालीस तेव्हा

तीर्थरूप आई-बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

हा मायना लिहिताना, देव न मानणाऱ्या मुलीच्या लेखणीला तो शोभतो का, असा विचार क्षणभर मनात आला. पण तीर्थ म्हणजे मुळात नदी ओलांडण्याची जागा, आणि त्या अर्थाने तुम्ही दोघे माझे तीर्थरूप आहातच. तेव्हा मायना तसाच ठेवला आहे.

बाबांच्या बायपासनंतर डॉक्टर बाहेर आले, सगळे नीट पार पडल्याचे सांगून गेले आणि आई, तू डोळे मिटून ‘देव पावला’ म्हणालीस. त्यावर मी फटकन ‘देव नाही, डॉक्टर पावले’ असे म्हणून गेले. तू काहीच बोलली नाहीस. हातातल्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीचे आधीच लागलेले झाकण पुनःपुन्हा घट्ट करत राहिलीस. वाक्य खरे असेल, वेळ चुकीची होती. त्या क्षणी ते बोलल्याबद्दल मी तुझी मनापासून माफी मागते. मात्र पुढे बाबा फोनवर म्हणाले, की तुझे विचार तुझ्यापाशी ठेव आणि चारचौघांत तर ते बोलूच नकोस. आणि तू विचारलेस, की मग अडीअडचणीला तुला आधार कुणाचा. ही दोन्ही वाक्ये चार महिने माझ्या मनात घोळत आहेत. फोनवर मी चिडते, म्हणून लिहिते आहे.

आधी माझ्याच वाक्यातली चूक सांगते. एकटे डॉक्टरही पावलेले नाहीत. शस्त्रक्रिया चालू असताना बाबांचे हृदय थांबवलेले होते आणि त्यांचे रक्त एका यंत्रातून फिरत होते. जॉन गिबन नावाच्या अमेरिकी शल्यविशारदाने तरुणपणी एका रुग्ण स्त्रीच्या उशाशी बसून, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याने ती हळूहळू मरताना रात्रभर पाहिली होती. हे रक्त काही वेळ शरीराबाहेर फिरवता आले तर, हा विचार त्याला तेव्हा सुचला आणि त्यामागे त्याने सुमारे वीस वर्षे घालवली. 6 मे 1953 रोजी फिलाडेल्फियात 18 वर्षांच्या एका मुलीचे प्राण त्या यंत्राने 26 मिनिटे सांभाळले. त्यानंतरचे त्याचे रुग्ण मात्र दगावले. खचून त्याने त्या शस्त्रक्रिया सोडल्या आणि काम इतरांनी पुढे नेले. मी जेव्हा विज्ञान म्हणते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर हे असते: चुकणारी, खचणारी, आणि एकमेकांचे अर्धवट राहिलेले काम उचलणारी माणसे.

आता जी गोष्ट मी त्या दिवशी मुद्दाम बोलले नाही, ती सांगते. बायपासच्या रुग्णांसाठी प्रार्थना केली तर त्यांना गुण येतो का, याचा अभ्यास खरोखरच झालेला आहे. त्याचे निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. हर्बर्ट बेन्सन यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांतील 1,802 रुग्णांचे तीन गट केले होते आणि त्यातल्या दोन गटांसाठी अनोळखी भाविक दोन आठवडे रोज प्रार्थना करत होते. ज्यांना आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही हे ठाऊक नव्हते, त्यांच्यापैकी प्रार्थना झालेल्या 52 टक्के आणि न झालेल्या 51 टक्के रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर काही ना काही गुंतागुंत झाली, म्हणजे फरक जवळजवळ शून्य. ज्यांना प्रार्थना होत असल्याचे निश्चितपणे सांगितले होते, त्यांच्यात मात्र हे प्रमाण 59 टक्के निघाले. आपली तब्येत इतकी बिघडली आहे की लोकांना प्रार्थनेला बसवावे लागले, या धास्तीने तसे झाले असेल, किंवा तो निव्वळ योगायोगही असेल. संशोधकांनी ठाम दावा केला नाही.

आई, हे मी तुला हिणवायला लिहिलेले नाही. या अभ्यासाला बराचसा पैसा धर्म आणि विज्ञान यांचा मेळ घालू पाहणाऱ्या टेम्पलटन प्रतिष्ठानाने दिला होता. उत्तर मनासारखे आले नाही तरी ते दडवले गेले नाही, याचे मला फार अप्रूप वाटते. त्यातून देव नाही असे सिद्ध होत नाही, हेही मान्य करते. परक्यांनी लांबून केलेल्या प्रार्थनेने शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत कमी झाली नाही, एवढेच त्यातून कळते. तू बाबांसाठी केलेल्या प्रार्थनेने तुझ्यावर काय परिणाम होतो, ते त्यात मोजलेले नाही, आणि तो परिणाम मी शेजारच्या खुर्चीवरून पाहत होते: तुझा श्वास संथ झाला होता, आणि मी भिंतीवरची तीच ती सूचना अकराव्यांदा वाचत होते. खरे सांगायचे तर मला तुझा हेवा वाटला. पण हेवा वाटला म्हणून ती गोष्ट खरी मानता येत नाही, इथे माझी गाडी अडते.

बाबा, मोठमोठे शास्त्रज्ञही आस्तिक होते, असे तुम्ही नेहमी म्हणता, आणि ते खरेच आहे. विश्व प्रसरण पावते आहे हे 1927 मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होते. पण 1951 मध्ये खुद्द पोपने त्यांच्या सिद्धांतात सृष्टीच्या निर्मितीचा दाखला शोधला, तेव्हा ते लमेत्र यांना रुचले नाही. आपला सिद्धांत धर्माच्या बाजूने साक्षीला उभा करू नये, असे त्यांचे मत होते. अशा आस्तिकाशी माझे भांडण नाही. माझे भांडण आहे ते 1633 मध्ये गॅलिलिओला गुडघे टेकायला लावणाऱ्या वृत्तीशी, जिला आपली चूक कबूल करायला 1992 साल उजाडावे लागले.

आणि देव नसेल तर माणूस चांगला का वागेल, हा तुमचा सर्वांत जुना प्रश्न. त्या दिवशी प्रतीक्षाकक्षात, आपल्यापासून चार खुर्च्या पलीकडे एक बाई तोंडाला रुमाल लावून रडू लागल्या. आई, तुझी प्रार्थना अर्धवट झाली होती, आणि ती तू कधीच मध्ये तोडत नाहीस. तरी तू उठलीस, त्यांच्याशेजारी जाऊन बसलीस आणि एक शब्दही न बोलता त्यांचा हात धरून ठेवलास. जवळजवळ अर्ध्या तासाने परत आलीस आणि प्रार्थना पहिल्यापासून सुरू केलीस. तुला कुणी आज्ञा केली होती? चांगले ते देवाला आवडते म्हणून चांगले असते, की ते चांगले असते म्हणून देवाला आवडते, हा प्रश्न प्लेटोने सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी सॉक्रेटिसच्या तोंडी घातला. माझ्यापुरते त्याचे उत्तर तू त्या अर्ध्या तासात दिलेस. ‘ती बुद्धी देवानेच दिली’ असे तू म्हणशील, आणि त्यावर तुला पटेल असा प्रतिवाद माझ्याकडे नाही. मला एवढेच दिसते, की त्या बाईंना धीर मिळाला तो तुझ्या हाताच्या उबेने, आणि ती ऊब देव न मानणाऱ्या माझ्या हातातही, तुझ्याकडूनच, आलेली आहे.

नास्तिक आपोआप सज्जन होतो, असा माझा मुळीच दावा नाही. अल्बानियात 1967 मध्ये सरकारने धर्मालाच बंदी घातली, प्रार्थनास्थळांना टाळे ठोकले आणि धर्मगुरूंना तुरुंगात टाकले. त्या देशात मी असते तर तुझ्या प्रार्थनेच्या बाजूने उभी राहिले असते, आणि हे मी शोभेसाठी लिहीत नाही. मानवी हक्कांच्या 1948 च्या जाहीरनाम्यातले अठरावे कलम विचार, विवेक आणि धर्म यांचे स्वातंत्र्य देते, त्यात धर्म बदलण्याचे स्वातंत्र्यही स्पष्टपणे लिहिलेले आहे. तुझे डोळे मिटणे आणि माझे उघडे ठेवणे या दोहोंना त्या एकाच कलमाने जागा दिली आहे.

म्हणूनच, बाबा, तुमची सूचना मला पाळता येणार नाही. एडिंबरामध्ये 1697 साली टॉमस एकनहेड नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला धर्मग्रंथांची टिंगल केल्याबद्दल फाशी दिले. त्याने क्षमा मागितली होती, ती कामी आली नाही. आजही काही देशांत धर्म सोडल्याची शिक्षा मृत्यू हीच आहे. तुम्ही मला फक्त गप्प राहायला सांगता, आणि तेही काळजीपोटी, हे मला कळते. पण गप्प बसलेल्यांचे पुढे काय होते ते चार्वाकांकडे पाहून कळते. त्यांचे मूळ ग्रंथ जवळजवळ सगळे नाहीसे झाले आणि त्यांची मते आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः विरोधकांनी खंडनासाठी केलेल्या उल्लेखांतून. ‘ऋण काढून तूप प्या’ एवढीच त्यांची ओळख उरली. ते खरोखर काय म्हणत होते, हे त्यांच्याच शब्दांत आता कोण सांगणार? माझे मत चुकीचे असेल तर ते माझ्या तोंडून ऐकून खोडून काढा. टीका मतावर असावी, माणसाच्या दुखऱ्या जागेवर नव्हे, हे पथ्य मी मोडले होते, ते यापुढे कसोशीने पाळीन. पण कुणी सरळ विचारले तर सरळ सांगेन, चारचौघांतही.

राहिला आधाराचा प्रश्न. आई, बाबांना आत नेले तेव्हा मी घाबरले होते आणि वर पाहण्याची सोय मला नव्हती, म्हणून मी तुझ्याकडे पाहिले. याहून मोठे उत्तर माझ्याजवळ नाही. मृत्यूनंतर काही नाही असे मला वाटते, आणि त्यामुळेच बाबांचे आत्ता फोनवर रागावणेसुद्धा मला फार मोलाचे वाटते.

बाबांच्या पुढच्या तपासणीला मी येते आहे. तू तुझी प्रार्थना कर, मी शेजारी बसेन आणि काही बोलणार नाही. मध्येच उठून कुणाकडे जावेसे वाटले, तर बाबांच्या फायली आणि पाण्याची बाटली माझ्याकडे दे.

तुमची,
थोरली