साहेब, तुमचा फ्लेक्स आमच्या भिंतीवर आहे

मा. मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

आपला वाढदिवस होऊन बारा दिवस झाले. शुभेच्छा उशिरा देतोय, माफी असावी. आपला वीस बाय दहाचा हसरा फ्लेक्स मात्र अजून कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या भिंतीवर आहे आणि त्याच्याखाली आमचं चित्र आहे. आठ खिळे आहेत, मी मोजलेत. एक चित्रातल्या पोलिश पोरीच्या बरोबर डोळ्यात आहे.

दीड वर्षापूर्वी याच भिंतीची फीत आपण कापलीत. माईकवर म्हणालात, "हा आपला वारसा आहे. इथं एक कागद चिकटू देणार नाही." शब्द पाळलात. कागद चिकटला नाही, फ्लेक्स ठोकला.

त्या दिवशी चित्र बघायला आपल्याला वेळ नव्हता, म्हणून आता सांगतो. रशियानं १९४० साली पूर्व पोलंडातून माणसं उचलून सैबेरियात नेऊन टाकली. त्यातली बायकापोरं इराणमार्गे १९४३ मध्ये आपल्या इथल्या वळिवड्याच्या छावणीत पोचली. पाचेक हजार तरी होती. त्यांनी तिथं शाळा चालवल्या, चर्च उभं केलं, नाटकं बसवली. १९४८ पर्यंत ती गेली आणि त्यांच्या बराकींत फाळणीनं हाकललेली सिंधी माणसं आली. कोल्हापुरातल्या निम्म्या लग्नांचा बस्ता जिथं बांधतात, ते गांधीनगर असं वसलंय. तुमच्या घरचाही तिथंच बांधला असणार!

खडूची दोरी मी मारली, रंग गल्लीनं भरला. एक सिंधी आजी रोज काठी टेकत यायच्या आणि चित्रातल्या बाईच्या डोक्यावरचं गाठोडं लहान करायला लावायच्या. "एवढं कुठलं आणलं होतं रे आम्ही?" तीनदा खोडलं. शेवटी उशीएवढं राहिलं. आता त्याच्यावर तुमच्या कार्यकर्त्यांचे पासपोर्ट फोटो आहेत, चौतीस.

एक्केचाळीस हजार वर्गणीतून आले. तुम्ही जाहीर केलेलं अनुदान फाईलमध्येच आहे. परांचीवरून पडून माझा गुडघा गेला, तो खर्च मी कुणाला सांगितला नाही, आज सांगतोय. चाळीस वर्षं बोर्ड रंगवले. फ्लेक्स आला आणि आम्हा पेंटरांचा धंदा बसला, ठीक आहे, काळ बदलतो. पण उरलेली एक भिंतही त्यालाच पाहिजे?

तक्रार घेऊन गेलो. एक कचेरी म्हणते भिंत आमची नाही, दुसरी म्हणते फ्लेक्स आमचा नाही, तिसरीनं अर्जाला तिकीट लावायला सांगितलं. बेकायदा फ्लेक्स काढा म्हणून हायकोर्ट वर्षानुवर्षं बजावतंय. पण ज्यानं काढायचा त्याची बदली ज्याच्या हातात, त्याचाच फोटो फ्लेक्सवर! कोण हात लावणार? ह्या राज्यात सगळ्या भिंती तुमच्याच आहेत, आम्ही फक्त पोपडे निघाले की प्लास्टर करायला.

तिकडं वॉर्सॉत वळिवडे-कोल्हापूर छावणीचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथं फुलं वाहिली. त्याच्यावर कुणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स असता तर चाललं असतं का, एवढं दिल्लीला विचारून सांगा.

आजी परवा येऊन गेल्या. फ्लेक्सची कड उचलून खाली बघत होत्या.

तर माणूस पाठवा. त्याला सांगा, फ्लेक्स ओढू नको, आधी खिळे काढ. पकडीखाली फळीचा तुकडा ठेव, नाहीतर सफेद्यासकट प्लास्टर येईल. डोळ्यातला खिळा मात्र राहू द्या. तो मी काढतो.

आपला,
एक पेंटर, कोल्हापूर