टाकीचं नको, नळाचं पाणी तपासा

मा. संपादक,

गावात जुलाब-काविळीचे पेशंट वाढले की दरवेळी एकच उत्तर मिळतं, पाणी तपासलंय, रिपोर्ट ओके आहे. रिपोर्ट खोटा असतो असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. जिथलं सॅम्पल घेतलं तिथलं पाणी चांगलंच असणार. पण सॅम्पल बरेचदा फिल्टर प्लांटवरचं नाहीतर जलकुंभाखालचं असतं, आणि तिथून आपल्या ग्लासापर्यंत मेन लाइन, गल्लीतली लाइन, घराचं कनेक्शन, गच्चीवरची टाकी, भिंतीतला पाइप आणि मग नळ, एवढं सगळं मधे येतं. यातलं मीटरच्या पुढचं सगळं घरमालकाचं म्हणून नगरपालिका बघत नाही, आणि घरमालक म्हणतो पाणी पालिकेचं आहे, मग कुणीच बघत नाही. छोट्या गावात तर बरीचशी लाइन कुठल्या काळात टाकली, कुठून कुठे गेली याचा धड नकाशाही नसतो, जुन्या फिटरला आठवतं तेवढंच.

आता पाणी दिवसातून तासभर किंवा एकाआड एक दिवस येतं तिथे काय होतं बघा. सप्लाय बंद झाला की लाइन रिकामी होते, आतलं प्रेशर जातं, आणि जिथे जॉइंट लीक आहे तिथून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. बाहेर चिखल असेल तर चिखल, गटार असेल तर गटार. आणि घराची कनेक्शनं गटारातून गेलेली सगळ्यांनीच पाहिलेली आहेत, गंजलेला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, त्यावर गुंडाळलेली ट्यूबची रबरी पट्टी आणि वरून वाहणारं सांडपाणी. त्यात कुणी डायरेक्ट लाइनलाच मोटर लावली की त्याच्या घरी पाणी जोरात येतं हे खरं, पण ती मोटर नुसतं पाणी ओढत नाही, लाइनमधे जिथे जिथे भोक आहे तिथली घाणही ओढते, आणि ती शेजारच्यांच्याही नळाला येते. मोटरवाल्यांशी भांडण होतं ते पाणी कमी येतं म्हणून. माझ्या मते भांडायचं खरं कारण हे दूषित पाण्याचं आहे.

यावर उपाय म्हणून पाण्यात क्लोरीन टाकतात आणि ते नळापर्यंत थोडं शिल्लक राहावं अशी अपेक्षा असते, लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम. हे मोजायला लॅब लागत नाही. ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीन टेस्टचं छोटं किट असतं, नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, नाही आला तर नाही. दोन मिनिटांचं काम. पण ही टेस्ट लाइनच्या शेवटच्या घरात, उताराच्या टोकाला करायला हवी, कारण तिथे पोचेपर्यंत क्लोरीन संपलेलं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. आणि गच्चीवरच्या टाकीत पाणी दोन-तीन दिवस पडून राहिलं, झाकण नीट बसत नसेल, तर तिथे क्लोरीनवर भरवसा ठेवूच नका. प्यायचं पाणी थेट लाइनच्या नळाचं भरा, आणि सप्लाय सुरू झाल्यावरचं पहिलं गढूळ पाणी जाऊ द्या.

हे झालं जंतूंचं, त्याबद्दल निदान बोललं तरी जातं. पाइपातून आणि नळातून जे धातू पाण्यात उतरतात त्याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही, आणि मला जास्त काळजी त्याची वाटते. शिशाला ना रंग, ना वास, ना चव. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, आपल्या भारतीय मानकातही तेवढीच, आणि लहान मुलांच्या मेंदूसाठी सुरक्षित म्हणावं असं शिशाचं प्रमाण आजवर कुणाला सापडलेलं नाही. ते येतं कुठून? फार जुन्या घरातले शिशाचे पाइप, जुन्या जॉइंटचं सोल्डर, पितळी नळ आणि व्हॉल्व्ह, कारण पितळ कापायला सोपं जावं म्हणून त्यात शिसं घालतात. जुन्या पीव्हीसी पाइपातही स्टॅबिलायझर म्हणून, म्हणजे प्लास्टिक खराब होऊ नये म्हणून, शिसं वापरलेलं असायचं, आपल्याकडे त्यावर केंद्राने २०२१ मधे नियम काढले, पण आधी भिंतीत गेलेले पाइप तसेच आहेत ना.

अमेरिकेतल्या फ्लिंट शहराचं उदाहरण यासाठीच सांगतो. एप्रिल २०१४ मधे खर्च वाचवायला त्यांनी पाण्याचा सोर्स बदलला, नदीचं पाणी घेतलं, आणि पाइप गंजू नयेत म्हणून पाण्यात जे फॉस्फेट घालायला हवं होतं ते घातलंच नाही. पाइपाच्या आत वर्षानुवर्षं जमलेला थर सुटला आणि शिसं पाण्यात आलं. लोक लालसर पाण्याच्या बाटल्या घेऊन मीटिंगला जात होते आणि अधिकारी सांगत होते पाणी सुरक्षित आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमधे तिथल्या जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने ते पाणी बंद केलं, कारण इंजिनचे पार्ट गंजत होते. म्हणजे लोखंडाला जे पाणी चालेना ते मुलं पीत होती, आणि ते आणखी वर्षभर चालू राहिलं. शेवटी विद्यापीठातल्या संशोधकांनी घराघरातल्या नळाचं पाणी तपासलं आणि एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरने मुलांच्या रक्तातल्या शिशाचे आकडे समोर ठेवले तेव्हा कुठे ऑक्टोबर २०१५ मधे जुना सोर्स परत सुरू झाला. तिथे सत्य बाहेर आलं ते नळावर तपासल्यामुळे, आणि पाणी बदललं की जुने पाइप वेगळं वागतात हे तर कुठल्याही गावाला लागू आहे, कारण धरणाचं पाणी कमी पडलं की बोअरचं मिसळणं सगळीकडेच चालतं.

घरातला पाइप कशाचा आहे ते तुम्ही स्वतः बघू शकता. मीटरजवळ उघडा भाग असतो तिथे किल्लीने हलकेच खरवडा आणि लोहचुंबक लावून बघा. चुंबक चिकटला तर लोखंडी, तांबूस दिसला तर तांबं, आणि मऊ लागून आतून चंदेरी चकाकला, चुंबकही चिकटला नाही, तर शिशाचा असण्याची दाट शक्यता, मग प्लंबरला बोलवा. रात्रभर पाइपात साचलेल्या पाण्यात धातू सगळ्यात जास्त उतरतो, म्हणून सकाळचं पहिलं पाणी पिऊ नका. ते फेकायचीही गरज नाही, अर्धा इंची पाइपात दहा मीटरला जेमतेम दीड-दोन लिटर पाणी मावतं, बादलीत धरा, फरशी पुसायला वापरा. स्वयंपाकाला गीझरच्या नळाचं गरम पाणी घेऊ नका, गरम पाण्यात धातू जास्त विरघळतो. आणि उकळण्याने जंतू मरतात, शिसं जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. नुसत्या यूव्हीच्या प्युरिफायरनेही शिसं जात नाही, आरओने बऱ्यापैकी जातं, पण आरओ घ्यायची ऐपत प्रत्येक घराची नसते आणि नसली म्हणून त्यांच्या मुलांनी शिसं प्यावं का?

आणखी एक, बोअरची लाइन आणि नळाची लाइन एकाच पाइपात जोडून मधे नुसता व्हॉल्व्ह ठेवतात, तो गळतोच कधीतरी. दोन्ही लाइनी वेगळ्या ठेवा, निदान चांगला एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, तरी बसवा. बादलीत किंवा हौदात बुडवून ठेवलेला होज पाइपही तसाच, प्रेशर गेलं की बादलीतलं साबणाचं पाणी उलटं लाइनीत जातं.

पालिकेकडे मागणी एवढीच आहे. दर महिन्याला सॅम्पल घ्याल तेव्हा त्यातली निम्मी तरी लोकांच्या घरातल्या नळाची घ्या, लाइनच्या टोकाच्या घरांची आणि गटारातून गेलेल्या कनेक्शनची आधी. शाळा-अंगणवाडीच्या नळाचं सकाळचं पहिलं पाणी वर्षातून एकदा तरी शिशासाठी लॅबला पाठवा. आणि रिपोर्ट फाइलला लावून ठेवू नका, कुठल्या गल्लीतलं, किती वाजता घेतलं, क्लोरीन किती निघालं हे वॉर्डातल्या बोर्डावर लावा.

आपला,
एक नळधारक