‘जागांची अदलाबदल’ झालीच नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला अमेरिकेतल्या पक्षांवरचा लेख वाचला. ‘१९६४ मध्ये डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन यांनी जागांची अदलाबदल केली’ हे वाक्य तुम्ही चौकटीत, ठळक अक्षरांत छापलंय. म्हणजे डेमोक्रॅटांची दक्षिण रिपब्लिकनांकडे आणि रिपब्लिकनांची उत्तर डेमोक्रॅटांकडे गेली, तीही एका वर्षात. मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. मुलं धडा वाचत नाहीत, चौकट पाठ करतात. म्हणून हे पत्र.

त्या वर्षीच्या, वंशभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध सिनेटमध्ये २७ मतं पडली, त्यांतली २१ डेमोक्रॅटांची. या एकवीस जणांतून पुढे रिपब्लिकन पक्षात गेले ते एकटे स्ट्रॉम थरमंड. त्यांतलेच रॉबर्ट बर्ड विधेयक अडवायला चौदा तास बोलत उभे होते. २०१० मध्ये ते वारले तेव्हाही डेमोक्रॅट सिनेटरच होते. कायद्याला विरोध करणाऱ्या गोल्डवॉटरना, म्हणजे त्या वर्षीच्या रिपब्लिकन उमेदवाराला, दक्षिणेतल्या पाच राज्यांनी मतं दिली हे खरं, पण ती अध्यक्षपदापुरती. अलाबामाचं विधिमंडळ रिपब्लिकनांच्या हाती यायला २०१० साल उजाडलं. सेहेचाळीस वर्षं लागली त्याला अदलाबदल कसं म्हणायचं?

उत्तरेबद्दल तर लेखात अवाक्षर नाही. मी मुलीकडे व्हरमाँटला, उत्तरेतल्या एका छोट्या राज्यात, सहा महिने होते. शेजारच्या आजोबांचा दुधाचा धंदा. एकदा त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडून एक कापडी सूर्यफूल दाखवलं, मधोमध बिल्ला. पाकळ्या विटून मातकट झालेल्या, पिन गंजलेली. १९३६ च्या प्रचारातलं, रिपब्लिकन उमेदवार लँडन यांचं. आजोबांचे वडील ते कोटावर लावून मत द्यायला गेले होते. त्या निवडणुकीत डेमोक्रॅट रूझवेल्ट यांच्याविरुद्ध गेली ती मेन आणि व्हरमाँट ही दोनच राज्यं. १८५६ पासून १९६० पर्यंत व्हरमाँटने अध्यक्षपदासाठी एकदाही डेमोक्रॅटाला कौल दिला नव्हता!

आजोबांचं पहिलं मत १९६४ चं, डेमोक्रॅट जॉन्सनना. वडील महिनाभर बोलले नाहीत. पुढे निक्सन आले, रेगन आले, आजोबा पुन्हा रिपब्लिकनांकडे वळले. २००१ मध्ये तिथले सिनेटर जेफर्ड्स रिपब्लिकन पक्ष सोडून अपक्ष झाले, तेव्हा आजोबांनीही कायमचा सोडला. हे सांगताना ते त्या सूर्यफुलाच्या पाकळ्या बोटाने सरळ करत होते. नेत्यांनी टेबलावर बसून काही बदललं नाही. असं एकेका घरात, बाप-लेकांत बदलत गेलं. चौकटीतल्या त्या वाक्यात या माणसाला कुठे बसवू?

जाता जाता दुसरं. लेखासोबतचा नकाशा काळ्या-पांढऱ्या पानावर छापलात. खाली लिहिलंय ‘लाल राज्ये, निळी राज्ये’, म्हणजे रिपब्लिकनांची आणि डेमोक्रॅटांची, आणि सगळी राज्यं एकाच करड्या रंगाची. भिंग घेऊनही टेक्सास कोणाकडे ते मला कळलं नाही. रंगीत पान नसेल तर रेघा आणि ठिपके तरी वापरा.

— एक निवृत्त शिक्षिका, सांगली