नवी सिस्टीम ठेवायची की काढायची, हे दहा दिवसांत ठरत नाही

दिनांक: नव्या सिस्टीमचा 12वा दिवस

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: नवी ऑपरेटिंग सिस्टीम आणि जुनीकडे परतण्याच्या मुदतीबाबत तक्रार

महोदय/महोदया,

स.न.वि.वि.

मी मुद्रितशोधक आहे. दिवसाचे आठ-नऊ तास संगणकापुढे जातात. पडद्यावर एका बाजूला लेखकाचं हस्तलिखित असतं, दुसऱ्या बाजूला मांडणी केलेली पानं. तुमची जुनी सिस्टीम मी नऊ वर्षं वापरली. तिच्यावर माझा जीव होता असं नाही. ती दिवसभरात एकदाही आठवायची नाही, एवढंच. आणि मला तेवढंच हवं होतं.

बारा दिवसांपूर्वी ती गेली. त्याआधी महिनाभर 'तुमचा संगणक पात्र आहे' असा निरोप येत होता, खाली दोन बटणं: 'आता करा' आणि 'नंतर आठवण करा'. 'नको' असं बटण तुमच्याकडे नाही. जुन्या सिस्टीमचे सुरक्षा अपडेट थांबले, हेही खरं. शेवटी एका रविवारी 'आता करा' दाबलं.

नवं आहे म्हणून कुरकुर करणाऱ्यांतली मी नाही. चष्म्याचा नंबर बदलला तरी चार दिवस पायऱ्या वरखाली दिसतात, म्हणून कोणी जुना चष्मा लावून बसत नाही. त्यामुळे पहिल्या दोन-तीन दिवसांच्या तक्रारी मी इथे धरलेल्याच नाहीत. त्यांतली एक नमुन्यादाखल सांगते, कारण ती मी मागे घेणार आहे.

जुन्या सिस्टीममध्ये मुख्य मेनूचं बटण खालच्या डाव्या कोपऱ्यात होतं. तिथे जायला नजर लागत नसे. माउस तिरका खाली ढकलायचा. कितीही जोरात ढकलला तरी बाण कोपऱ्यात जाऊन थांबतो, पुढे जागाच नसते. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने 1954 साली मांडलेला नियम तुमच्या डिझाइनरांना पाठ असणार: लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान, तितका तिथे पोचायला वेळ जास्त. त्या हिशेबाने कोपरा हे अवाढव्य लक्ष्य, कारण पडद्याची कडच बाणाला अडवते. तुम्ही ते बटण तिथून उचलून मधल्या रांगेत आणलंत. वर आणखी एक प्रोग्रॅम उघडला की ते थोडं डावीकडे सरकतं, बंद केला की परत उजवीकडे. सरकत्या बटणाची हाताला सवय कशी लागणार? तिसऱ्या दिवशी कळलं की एक सेटिंग बदललं की ते कोपऱ्यात जातं. गेलं. तक्रार संपली. तीन दिवस मात्र माझे गेले.

कळफलकाची तक्रार मागे घेत नाही. मी इन्स्क्रिप्टने, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या प्रमाणित कळफलकाने, टाइप करते. त्यात र आणि ऱ एकाच कळीवर आहेत, शिफ्ट दाबली की ऱ. मराठीत हा फरक शोभेचा नाही. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. तुमच्या अपग्रेडने माझा कळफलक काढून त्या जागी उच्चारानुसार टाइप करायचा दुसराच बसवला. मी तो काढून माझा परत लावला. संगणक पुन्हा सुरू केला, तर काढलेला कळफलक यादीत हजर. पुन्हा काढला, पुन्हा हजर. आता रोज सकाळी मी आधी तो काढते आणि मग कामाला बसते. एके दिवशी विसरले, त्या दिवशी बारा पानांत दुरुस्त्या करताना नव्या चुका मीच घातल्या. लेखकाने त्या पकडल्या. मुद्रितशोधकाच्या चुका लेखकाने काढायच्या, हे काय असतं ते तुम्हाला या धंद्यात आल्याशिवाय कळायचं नाही.

आता स्कॅनर. हेच पत्राचं खरं कारण.

माझा स्कॅनर जुना आहे, पण ठणठणीत. जुनी पुस्तकं नव्याने छापायची असली की पानं त्यावरून घ्यावी लागतात. अपग्रेडनंतर संगणकाला तो दिसेना. मी तुमच्या मदतकेंद्राशी गप्पांच्या खिडकीत बोलले. आधी यंत्र बोललं, मग माणूस. दोघांचं म्हणणं एकच, 'संगणक बंद करून सुरू करा.' मी बंद केला, सुरू केला. स्कॅनर नाही. दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस, तोच सल्ला. असं एकूण सात वेळा. सातव्या वेळी मी 'शट डाउन'ऐवजी चुकून 'रीस्टार्ट' दाबलं आणि प्रथमच एक निरोप पडद्यावर आला: या उपकरणाचा ड्रायव्हर (उपकरण आणि सिस्टीम यांचा संवाद घडवणारा प्रोग्रॅम) चालवता येत नाही.

मग शोधाशोध केली, आणि जे कळलं त्याने थक्क झाले. तुमचं 'शट डाउन' हे पूर्ण बंद करणं नाहीच. लवकर सुरू व्हावं म्हणून सिस्टीमचा गाभा आणि ड्रायव्हर मेमरीत ज्या अवस्थेत असतील त्याच अवस्थेत डिस्कवर लिहून ठेवले जातात आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलले जातात. सगळं पहिल्यापासून सुरू होतं ते 'रीस्टार्ट'ने. म्हणजे ज्याला सामान्य माणूस बंद करणं म्हणतो ते डुलकी घेणं आहे. ही सोय मूळची वाईट नाही. पण तुमच्या मदतकेंद्रातल्या लोकांनाही ती माहीत नसेल तर त्यांनी दिलेल्या सल्ल्याला अर्थ काय? सहा वेळा आम्ही दोघांनी मिळून तोच बिघाड जपून ठेवला आणि परत उघडला.

ड्रायव्हर का चालत नाही, तेही मी समजून घेतलं. बरेच ड्रायव्हर सिस्टीमच्या गाभ्यात शिरून चालतात. अशा ड्रायव्हरमध्ये खोट असली तर सगळा संगणक उघडा पडतो. म्हणून नवी सिस्टीम जुन्या पद्धतीच्या ड्रायव्हरना आत घेत नाही. हे कारण मला पटतं. पटत नाही ते हे, की 'तुमचा संगणक पात्र आहे' म्हणताना तुम्ही प्रोसेसर पाहिलात, मेमरी पाहिलीत, सुरक्षेची चिप पाहिलीत, आणि माझं पोट ज्यावर चालतं त्या यंत्राकडे ढुंकूनही पाहिलं नाहीत. त्याचा ड्रायव्हर तुमच्याच जुन्या सिस्टीममध्ये नऊ वर्षं चालत होता. तो नव्यात चालणार नाही, हे 'आता करा'च्या आधी एका ओळीत सांगता आलं असतं. जुने ड्रायव्हर अडवणारं सुरक्षेचं सेटिंग बंद केलं तर स्कॅनर चालेल, असं तुमच्या आठव्या माणसाने सुचवलं. सुरक्षेसाठी अपग्रेड करा आणि मग सुरक्षा बंद करा!

वैतागून मी भाचीकडून पेन ड्राइव्हवर लिनक्स ही दुसरी, मोफत ऑपरेटिंग सिस्टीम घेतली. ती डिस्कवर काही न बसवता पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतं. स्कॅनर लावला आणि पहिलं पान आलं, कुठलाही ड्रायव्हर न शोधता. तेव्हा यंत्र जुनं झालंय असं मला कोणी सांगू नये. पण ज्या प्रोग्रॅममध्ये प्रकाशक मला पानं पाठवतात तो लिनक्सवर चालत नाही, आणि त्यातल्या फायली दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडल्या की ओळी जागा सोडतात. माझं काम ओळींवरच. त्यामुळे तो रस्ता अर्ध्यापर्यंतच जातो.

आठव्या दिवशी मी ठरवायला बसले. जुनीकडे परतायचं, तर तिचे सुरक्षा अपडेट थांबलेले. नव्या सिस्टीमचं एखादं छिद्र तुम्ही बुजवलंत की ती दुरुस्ती उलगडून पाहणाऱ्यांना त्या जागी आधी काय होतं ते कळतं, आणि दोन्हींत बराच भाग सामायिक असल्याने तेच छिद्र जुनीत उघडंच राहिलेलं असू शकतं. दर महिन्याला धोका वाढणार. नवीत राहायचं, तर स्कॅनर नाही आणि कळफलकाशी रोजची झटापट. शिवाय एक गोष्ट कबूल केली पाहिजे. दोन खिडक्या शेजारीशेजारी बसवण्याची नवी सोय मला फार आवडली आहे. मोठा पडदा जोडला की हस्तलिखित आणि पानं आपापल्या जागी परत येऊन बसतात. दिवसाकाठी बराच हात वाचतो. माझी अडचण नेमकी हीच आहे: सिस्टीम सरळ वाईट असती तर पहिल्याच दिवशी काढली असती.

ठरवायला वेळ हवा म्हणून परतीची सोय कुठे आहे ते पाहिलं, आणि तिथे कळलं की ती फक्त दहा दिवस असते. दहा दिवसांनी जुन्या सिस्टीमच्या फायली आपोआप पुसल्या जातात. मग परतायचं तर सगळं कोऱ्या पाटीवरून. ही मुदत 'आता करा'च्या पानावर नव्हती, पहिल्या दिवशीच्या स्वागतात नव्हती. ती सेटिंगच्या चौथ्या थरात आहे. एके काळी हीच मुदत महिनाभराची होती, ती तुम्ही दहावर आणलीत. आणि पाचव्या दिवशी तुमच्याच साफसफाईच्या साधनाने मला प्रेमाने सुचवलं होतं की डिस्कवरच्या एवढ्या गिगाबाइट फायली अनावश्यक आहेत, काढू का? त्या फायली म्हणजेच परतीचा रस्ता होता. हाताला कंटाळा आला होता म्हणून 'हो' दाबलं नाही, एवढ्यावरच तो वाचला.

नवव्या दिवशी भाचीने आणखी एक गोष्ट शोधून काढली. ही मुदत वाढवता येते, 60 दिवसांपर्यंत. आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत एक ओळ लिहायची, बस. ती सोय तुमचीच आहे आणि अधिकृत आहे. फक्त तिला बटण नाही. दिवाळी अंकांची मुद्रितं तपासताना मी एकेका स्वल्पविरामासाठी लेखकांना फोन करते. तुम्ही माझ्यासारख्यांना असा निर्णय घ्यायला लावता आणि त्याची मुदत काळ्या खिडकीत ठेवता.

ती आज्ञा मी दिली. आज बारावा दिवस. हातात अट्ठेचाळीस आहेत. परतताना या बारा दिवसांत बसवलेले प्रोग्रॅम जातील आणि बदललेली सेटिंगं जातील, हे मला माहीत आहे, फायली राहतील. तोपर्यंत मी असं करते आहे: काम नव्या सिस्टीमवर, स्कॅनिंग पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सवर. गैरसोयीचं आहे, पण दोन्ही चालतं. अट्ठेचाळीस दिवसांत कळफलक आपल्या जागी राहिला तर मी नवीत राहीन, स्कॅनरचं मी पाहून घेईन. नाही राहिला, तर जुनी परत आणीन, तिला इंटरनेटपासून तोडून फक्त स्कॅनिंगला ठेवीन आणि बाकीच्या कामाला दुसऱ्या कोणाची सिस्टीम शोधीन.

तुमच्याकडून मला हवं आहे ते असं. काढलेला कळफलक परत का येतो, याचं उत्तर माणसाकडून हवं, आणि 'बंद करून सुरू करा' हे उत्तर चालणार नाही. परतीची मुदत पहिल्याच दिवशी ठळक दिसावी आणि ती वाढवायचं बटण तिच्या शेजारीच असावं. साठ दिवस देता येतात हे तुम्हीच सिद्ध केलं आहे. साफसफाईच्या साधनाने त्या फायलींना अनावश्यक म्हणणं थांबवावं. आणि 'पात्र आहे' म्हणण्याआधी संगणकाला जोडलेली उपकरणंही तपासावीत. जी चालणार नाहीत त्यांची नावं घ्यावीत. एवढं झालं असतं तर मी अपग्रेड टाळलं नसतं, फक्त हातातलं पुस्तक संपल्यावर केलं असतं.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर यावं. मदतकेंद्राशी झालेली आठही संभाषणं आणि पडद्याची छायाचित्रं सोबत जोडली आहेत.

कळावे. लोभाचं अट्ठेचाळीस दिवसांनी पाहू.

आपली,
एक ग्राहक

ता.क. सेटिंगच्या शोधपट्टीत 'पुनःप्रारंभ' लिहिलं तर काहीच सापडत नाही. कारण पाहिलं तेव्हा लक्षात आलं की तुमच्या मराठी भाषांतरात विसर्गाच्या जागी कोलन टाइप केलेला आहे. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला नाहीत. अशा सतरा जागा मी खुणा करून जोडल्या आहेत. या कामाचे मी एरवी पैसे घेते.