मिनार चार आणि बंदी देशभर

संपादकसाहेब,

स्वित्झर्लंडमध्ये २००९ साली नवे मिनार बांधायला बंदी घालायची का यावर सार्वमत झालं, ५७.५ टक्के लोक हो म्हणाले आणि तेव्हा अख्ख्या देशात मिनार होते फक्त चार, त्यावरून भोंग्यावर अजानही होत नव्हती! मग त्रास नक्की कशाचा? बरं नमाजाला मिनार लागतोच असंही नाही, स्वच्छ जागा आणि किब्ल्याची, म्हणजे मक्केतल्या काबाची, दिशा कळली की झालं. इराणच्या हिजाबसक्तीवर युरोपवाले बोलतात ते योग्यच आहे, पण फ्रान्सने २०१० मध्ये चेहरा झाकायला बंदीचा कायदा केला तेव्हा त्या बाईला विचारलं कुणी? वर १५० युरोपर्यंत दंड, तोही तिच्याच पर्समधून.

— एक वाचक, मिरज