ट्राउटला गांडूळ लावून बसू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत हिमाचलातल्या तीर्थन नदीच्या खोऱ्यावरचा लेख वाचला, फोटो झकास, पण शेवटी ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाच्या मासेमारीची जी चौकट दिलीय त्यात कुठलाही रॉड चालतो, गांडूळ लावायचं आणि बसायचं असं छापलंय, ते बघून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

मी चिपळूणचा, लहानपणापासून वाशिष्ठीच्या खाडीत गरवतो. हिमाचलला जाताना मीपण असाच शहाणपणा केला होता. तांबोशीसाठी वापरतो तो नऊ फुटी दणकट रॉड, पॉइंट चाळीस मिलिमीटरची तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, आणि वजनाला पिशवीभर शिसं, दुकानदार म्हणाला सगळीकडे चालतं साहेब. तीर्थनकाठच्या गुशैनी गावाच्या वरच्या अंगाला पहिलाच थ्रो मारला, शिसं धपकन पडलं, आणि तळाचे गोटे मोजता येतील इतक्या नितळ पाण्यात दगडाआड उभी असलेली दोन ट्राउट कुठं गायब झाली कळलंसुद्धा नाही. पुढचे दोन तास नुसते दगडात गरी अडकवण्यात गेले.

शेवटी तिथल्या एका भाईजींनी त्यांचा सहा फुटी अल्ट्रालाइट, म्हणजे अगदी हलका, रॉड हातात दिला, हजार नंबरचं छोटं रील, चार पाउंडाची लाइन आणि एक नंबरचा स्पिनर, म्हणजे फिरत्या पात्याचं धातूचं खोटं आमिष, वजन जेमतेम तीन-चार ग्रॅम. खाडीवाल्याला ते खेळणंच वाटतं. पण नदी अशी केवढी मोठी असते, बऱ्याच ठिकाणी पंधरा-वीस पावलांत पार होईल, मग लांब फेकायचंय कुठं! ट्राउट कायम प्रवाहाकडे तोंड करून उभी राहते आणि वरून वाहत येणारं खाते, त्यामुळे आपण खालच्या बाजूने, वाकून, सावली पाण्यावर न पाडता जायचं, स्पिनर वर टाकायचा आणि पाण्याच्या वेगापेक्षा जरासं जास्त रील फिरवायचं म्हणजे पातं फिरत राहतं. दगडामागे पाणी जिथं संथ होतं तिथून तो नेला की झटका बसतो, बसला तर. मला दिवसभरात दोनच बसले.

फ्लाय फिशिंग, म्हणजे खोटी माशी फेकून गरवणं, जमत असेल तर चार-पाच वेटचा (हलक्या लाइनचा) रॉड आणि निंफ, म्हणजे पाण्यातल्या किड्यासारख्या दिसणाऱ्या बुडत्या माश्या, भारी, पण पहिल्यांदाच जाणाऱ्याने त्या भानगडीत पडू नये, झाडातच माशी अडकते.

आता गांडुळाचं. गांडुळाला ट्राउट लागते, नाही कोण म्हणतो? पण आपल्याला ओढ जाणवेपर्यंत ती गरी पार पोटात गिळून बसते, मग सोडून दिली तरी बहुतेक मरते. स्पिनर सहसा ओठालाच लागतो. त्यातही तिहेरी गळ काढून एकच लावा आणि त्याच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून टाका, मासा पाण्यात ठेवूनच सुटतो. भाईजींनी माझ्यासमोर तसा सोडला, हात आधी ओले करून, आणि मी मात्र फोटोसाठी मोबाइल शोधत बसलो होतो.

ब्राउन ट्राउट तिथली मूळची नाही, इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणून सोडलेली, पण शंभर वर्षांत ती तिथलीच झालीय, आणि गावातल्या होमस्टेवाल्यांचं पोट बऱ्यापैकी तिच्यावर चालतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्या लेखात ‘वर्षभर कधीही’ असं आलंय. हिमाचलात 1 नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउट धरायला बंदी असते, तो त्यांचा अंडी घालायचा काळ. एरवीसुद्धा मत्स्य खात्याचा परवाना लागतो. जुलै-ऑगस्टला तर पाणी गढूळ, काही दिसत नाही. येत्या रविवारी एवढी दुरुस्ती तरी छापा, नाहीतर नाताळच्या सुट्टीची तिकिटं काढून लोक रॉड घेऊन पोचतील.

आपला,
एक गरवणारा वाचक, चिपळूण