जीपची उरलेली नोकरी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर जीपचा विषय अर्धवट राहिला, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी पॅरिसजवळच्या आपल्या गॅरेजमध्ये ती ठेवली आहे. कागदोपत्री १९४४ ची फोर्ड. चासीच्या डाव्या पट्टीवर 'जीपीडब्ल्यू'ने, म्हणजे फोर्डच्या जीपच्या खुणेच्या अक्षरांनी, सुरू होणारा नंबर ठोकलेला आहे आणि पुढचा आडवा तुकडा चौकोनी आहे. जीप बनवणारी दुसरी अमेरिकन कंपनी विलिस, तिच्या जीपला तिथे गोल नळी असते, म्हणजे चासी नक्की फोर्डची. इंजिन मात्र विलिसचं! बॉडीच्या काही बोल्टांच्या डोक्यावर फोर्डचा छोटा 'एफ' आहे, शेजारचे अगदी कोरे.

तुम्ही म्हणाल, कुणी भंगारातून जुळवलेली दिसते. पण इथे ही जुळवाजुळव खुद्द सैन्यानेच केली. दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड मिळून सहा लाखांवर जीप निघाल्या. १९४६ च्या फ्रान्स-अमेरिकेतल्या ब्लम-बर्न्स करारात अमेरिकेचं इथे उरलेलं युद्धसाहित्य फ्रान्सच्या पदरात पडलं, शिवाय युद्ध चालू असतानाच फ्रेंच सैन्याला मिळालेल्या जीप होत्याच. या सगळ्यांची डागडुजी पॅरिसच्या पूर्वेला ला माल्तूर्नेच्या लष्करी कार्यशाळेत होई. आलेली जीप पूर्ण सोडवायची. चासी एका रांगेत, इंजिनं दुसरीकडे, गिअरबॉक्स तिसरीकडे. दुरुस्ती झाली की हाताला येईल ते सुटं घेऊन गाडी पुन्हा उभी करायची. कुठलं इंजिन कुठल्या चासीचं, याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. पुढे फ्रान्सच्या हॉचकिस कंपनीने विलिसच्या परवान्यावर १९५५ ते १९६६ मध्ये सत्तावीस हजारांवर 'एम२०१' जीप बनवल्या, तेव्हापासून त्यांचेही भाग जुन्या गाड्यांत शिरले.

म्हणून 'ही जीप कुठे कुठे होती' हा प्रश्नच नीट विचारावा लागतो. चासी कुठे होती? बॉनेट कुठलं? प्रत्येक भागाची नोकरी निराळी.

बॉनेटचंच सांगते. त्याच्या कडेला आम्ही ओल्या पॉलिश पेपरने अगदी हलक्या हाताने घासलं. वर कुणा खासगी मालकाने मारलेला चकचकीत निळा, त्याखाली फ्रेंच लष्कराचा हिरवा, तोही एकावर एक दोनदा, आणि तळाशी अमेरिकन मळकट हिरवा. त्या शेवटच्या थरात पुसट पांढरे आकडे दिसायला लागले, सुरुवातीला २०. अमेरिकन सैन्यात जीपच्या नोंदणी क्रमांकाची सुरुवात २० नेच व्हायची. तिथे आम्ही हात थांबवला. अजून एकदा पेपर फिरवला असता तर आकडे गेले असते.

बाबा, मला वाईट वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. अशी जीप हाती आली की बहुतेक हौशी माणसं पत्रा लखलखीत होईपर्यंत घासतात, १९४४ चा रंग मारतात आणि त्या वर्षी फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरलेल्या एखाद्या तुकडीचा नंबर घालतात. फ्रेंच रंग, इंडिकेटरसाठी मागाहून पाडलेली भोकं, दुरुस्तीच्या पट्ट्या, सगळं जातं. गाडी १९४४ ची असली तर युद्ध तिच्या वाट्याला आलं जेमतेम वर्षभर. त्यानंतर कित्येक वर्षं ती फ्रेंच सैन्यात राबली. फ्रान्सच्या लढायांसाठी अशा जीप इंडोचायनात गेल्या, अल्जीरियात गेल्या. ही सगळी वर्षं घासून टाकणं मला पटत नाही. मी आमच्या सहकाऱ्यांना तसं स्पष्ट सांगितलं. त्यांनी निदान बॉनेट आणि डॅशबोर्ड आहे तसा ठेवायचं कबूल केलंय.

पॅरिसला लागूनच असलेल्या व्हँसेनच्या किल्ल्यात फ्रेंच लष्कराचं अभिलेखागार, म्हणजे जुन्या कागदपत्रांचा संग्रह, आहे. तुकड्यांच्या रोजनिश्या तिथे वाचायला मिळतात. अमुक जीप कुठे होती, एवढा बारीक तपशील त्यांत सापडेल अशी आशा मी धरत नाही. पण डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला रंगाने लिहिलेली काही अक्षरं निघाली आहेत, बहुधा तुकडीच्या नावाची आद्याक्षरं. ती जुळली तर निदान तुकडी कळेल. पुढच्या महिन्यात दोन दिवस रजा टाकून जाणार आहे.

चासीचे फोटो धाकट्याच्या फोनवर पाठवलेत, मोठे करून बघा. पुढच्या आडव्या तुकड्याजवळ एक जाड वेल्ड आहे. ते कारखान्यातलं वाटतं की नंतर कुणी मारलेलं? वेल्डिंगमध्ये तुमची नजर आहे, म्हणून विचारते. उत्तर आलं की मगच तिथला रंग काढू, तोवर त्यांना हात लावू देत नाही.

आईला सा. न., धाकट्याला आशीर्वाद.

तुमची लेक